जेवणाच्या खोलीचा राखाडी: कामाच्या नोंदी

१० जानेवारी २०२६, शनिवार

खोलीची मापं घेतली. लांबी ४.२ मीटर, रुंदी ३.४, उंची २.९. खिडकी एकच, उत्तरेला. दारं दोन, एक स्वयंपाकघरात जाणारं आणि एक बाहेरच्या खोलीत. भिंतींचा रंग कधीकाळी क्रीम होता. आता तो जुन्या वहीच्या पानासारखा दिसतो आणि दिव्याच्या बटणांभोवती त्याहून वाईट. मधोमध सागवानी टेबल आहे, मधासारखं पॉलिश केलेलं, आणि सहा खुर्च्या. खुर्च्यांच्या गाद्या राखाडी कापडाच्या. टेबल, गाद्या, फरशी यांतलं काहीही बदलायचं नाही. बदलायच्या त्या फक्त भिंती.

रंग ठरवायला बसलो आणि पाच मिनिटांत ‘राखाडी’वर सगळ्यांचं एकमत झालं. आमच्या घरात इतक्या लवकर एकमत होतं म्हणजे कुणीतरी कुणाचं ऐकलेलं नसतं. नंतर बोलण्यात कळलं की नवऱ्याच्या डोळ्यांपुढे ओलं सिमेंट होतं, माझ्या डोळ्यांपुढे पारव्याची पाठ. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “काहीही लावा, मळकं दिसायला नको.” लेकीनं शेडकार्डातले राखाडी मोजले. चौसष्ट भरले.

भिंतींचं क्षेत्रफळ दारं-खिडकी वगळून साधारण ३८.५ चौरस मीटर. दोन हात मारायचे, एका लिटरमध्ये एका हाताचे दहा-अकरा चौरस मीटर होतात असं धरलं, तर सात ते आठ लिटर लागतील. म्हणजे चार लिटरचे दोन डबे.

११ जानेवारी, रविवार

शेडकार्ड घेऊन खिडकीशी बसले. पहिला तासभर वाया गेला. एकेक तुकडा बघितला की तो राखाडीच दिसतो, कारण दुसरं काही दिसायला त्याच्याशेजारी काही नसतं. मग टेबलावर कोरा पांढरा कागद पसरला आणि चार-चार तुकडे एकमेकांना चिकटवून ठेवले. तेव्हा कुठे राखाडी बोलायला लागले. एक निळसर, एक जांभळट, एक हिरवट, एक चक्क गुलाबी. कुठलाच नुसता राखाडी नाही, प्रत्येकाच्या पोटात कशाची तरी झाक आहे.

ही झाक ओळखायची एक युक्ती सापडली. फिकट तुकड्यात ती लपते, पण त्याच पट्टीवरच्या सगळ्यात गडद रंगात उघडी पडते. मला आवडलेल्या एका फिकट राखाडीच्या पट्टीचं खालचं टोक वांग्याच्या सालीसारखं निघालं. ती पट्टी बाजूला ठेवली.

तुकड्यांच्या मागे एक आकडा छापलेला असतो, एलआरव्ही. त्या रंगावर पडलेल्या उजेडापैकी किती टक्के परत फिरतो, त्याचा हा आकडा. शून्य म्हणजे संपूर्ण काळा, शंभर म्हणजे संपूर्ण पांढरा. मला वाटलं, मग ५० म्हणजे बरोबर मधला राखाडी. तसं नाही. डोळा उजेडाचा हिशोब सरळ पट्टीनं करत नाही, अंधाराकडच्या फरकांना तो जास्त जागा देतो. अठरा टक्के उजेड परत देणारा पृष्ठभागच डोळ्याला काळ्या-पांढऱ्याच्या अर्ध्यावर वाटतो. छायाचित्रकार उजेड मोजायला राखाडी कार्ड वापरतात, ते म्हणूनच १८ टक्क्यांचं असतं. पन्नास एलआरव्हीचा रंग भिंतीवर बऱ्यापैकी फिकट दिसतो. हे आधी माहीत नसतं तर ५० चा काहीतरी ‘मध्यम’ समजून आणला असता आणि खोली मनात होती त्याहून फिकट झाली असती.

चौसष्टांतून पाच उरले. दुकानातली नावं लक्षात राहणारी नाहीत, सगळ्यांत धुकं नाहीतर दगड. आम्ही आमची नावं दिली:

क्रमांक १, पारवा. निळसर, किंचित जांभळ्याकडे झुकणारा. एलआरव्ही ४८. माझा.
क्रमांक २, निव्वळ. कसलीच झाक दिसत नाही असा. ५५.
क्रमांक ३, शेवाळी. हिरवट. ५४.
क्रमांक ४, मळका. तपकिरीकडे झुकणारा, ५३. हे नाव सासूबाईंचं. मी तो नुसता तुलनेसाठी ठेवला आहे.
क्रमांक ५, सिमेंट. ३०. नवऱ्याचा.

मराठीत राखाडी, करडा, पारवा, धुरकट, भुरकट असे शब्द आपण एकाच डब्यातले असल्यासारखे वापरतो. पण सासूबाईंसमोर पाच तुकडे धरले तर त्या एकालाही दुसऱ्याचं नाव देत नाहीत. भाषेला फरक माहीत आहे, आम्हीच विसरलो आहोत.

१५ जानेवारी, गुरुवार

नमुन्याचे छोटे डबे आणले आणि उत्साहाच्या भरात थेट भिंतीवर पाच चौकोन रंगवले. दोन तासांनी बघते तर पाचही निळे-जांभळे. ‘मळका’सुद्धा. निव्वळ राखाडी तर शाळेच्या गणवेशाचा निळा वाटायला लागला.

रंग चुकले नव्हते, शेजार चुकला होता. भोवतीची भिंत पिवळट. पिवळ्याशेजारी ठेवलेल्या राखाडीवर डोळा पिवळ्याचा विरुद्ध रंग, म्हणजे निळा-जांभळा, आपणहून चढवतो. याचा छडा लावणारा माणूस रसायनशास्त्रज्ञ होता हे मला फार आवडतं. फ्रान्समधल्या गोब्लँ विणकामशाळेत शेव्रल रंगाई खात्याचा प्रमुख होता. तिथल्या काळ्या धाग्याबद्दल तक्रार आली, निळ्या-जांभळ्या कापडात तो काळा फिका पडतो म्हणून. त्यानं धागा तपासला. रंगाईत खोट नव्हती. शेजारचे रंग काळ्याला तसं दाखवत होते. त्यातून त्यानं रंगांच्या परस्परविरोधाचा नियम मांडला आणि १८३९ साली त्यावर मोठा ग्रंथ काढला. आणि मी २०२६ साली क्रीम भिंतीवर राखाडी चौकोन रंगवून दोन तास कपाळाला हात लावून बसले.

चौकोनांवर पांढरा प्रायमर मारून टाकला. नमुने आता पुठ्ठ्यावर करायचे.

१७ जानेवारी, शनिवार

पाच जाड पांढरे पुठ्ठे, प्रत्येकी ६० बाय ९० सेंटिमीटर. चारही कडांना तीन बोटं पांढरी पट्टी सोडली, म्हणजे मागच्या भिंतीचा रंग थेट शेजारी येत नाही. छोट्या रोलरनं दोन हात. ब्रशनं केलं तर रेघांच्या सावल्या पडतात आणि नमुना भिंतीपेक्षा गडद दिसतो.

डब्यांना चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचत बसले. यंत्रानं पांढऱ्या बेसमध्ये कुठला रंग किती सोडला, ते तिथे लिहिलेलं असतं. ‘निव्वळ’मध्ये फक्त काळा. ‘मळका’मध्ये काळा, पिवळा ऑक्साइड आणि तांबड्या ऑक्साइडचा एक थेंब. ‘शेवाळी’त काळा आणि पिवळा, तांबडा नाहीच. ‘पारव्या’त काळ्याबरोबर निळा आणि जांभळा.

मला वाटायचं की काळा अधिक पांढरा म्हणजे सगळ्यात प्रामाणिक राखाडी. हिशोबानं असेल, पण डोळ्याला तो थंड, निळसर लागतो. पांढऱ्यात काळा मिसळला की निळसरपणा येतो, हे चित्र काढणाऱ्यांना फार जुनं ठाऊक आहे. दिव्याच्या काजळीपासून केलेल्या काळ्याबद्दल तर ते ठरलेलंच. म्हणून भिंतीवर ‘काहीच झाक नाही’ असं वाटायला हवं असेल तर त्यात थोडी माती घालावी लागते, पिवळी किंवा तांबडी. हे वाचून ‘मळक्या’कडे पहिल्यांदा जरा नीट बघितलं.

ओला रंग फिकट दिसतो, वाळला की किंचित गडद होतो. नवऱ्यानं ओल्या पुठ्ठ्यांवरूनच दोन रद्द केले होते. परत मंजूर करून घेतले.

१८ जानेवारी, रविवार ते २१ जानेवारी, बुधवार

पुठ्ठे चारही भिंतींवर फिरवले. दिवसातून चार वेळा बघायचं, एका वेळी दोनच पुठ्ठे, आणि नोंद लगेच करायची. रविवारी संध्याकाळी आठवणीनं लिहायचा प्रयत्न केला आणि सकाळचं काहीच आठवेना.

सकाळी आठ. खिडकीसमोरची भिंत. पारवा अप्रतिम, शांत, स्वच्छ. शेवाळी बरा. मळका खरंच मळका.

दुपारी एक. पारवा अजूनही पुढे. सिमेंट छान, पण खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर नेला की भोक पडल्यासारखा. ज्या भिंतीत खिडकी असते तीच भिंत सगळ्यात अंधारी, हे इतकी वर्षं या खोलीत राहून कधी लक्षात आलं नव्हतं.

उत्तरेच्या खिडकीचा मामला असा, की या दिवसांत थेट ऊन आत येतच नाही. येतो तो आकाशाचा उजेड, आणि निरभ्र आकाशाचा उजेड चांगलाच निळा. केल्विनमध्ये, म्हणजे उजेडाचा रंग मोजायच्या एककात, दहा हजारांच्या वर जातो. ढग आले की साडेसहा हजारांच्या आसपास. म्हणजे या खोलीत दिवसभर आधीच निळं पाणी भरलेलं आहे. त्यात निळसर राखाडी घातला तर तो खुलतो तरी किंवा बुडतो तरी.

संध्याकाळ, दिवे लावण्याआधी. इथे माझा पारवा मेला. उजेड मंदावत गेला तशी सागवानाची तांबूस चमक विझली, टेबल काळसर पडलं, आणि पारवा मात्र उजळत गेला. भिंतीवर निळं चौकोनी काहीतरी तरंगतंय असं दिसायला लागलं. हा भास नाही. उजेड फार कमी झाला की डोळ्यातल्या वेगळ्या पेशी काम हातात घेतात, त्या निळ्या-हिरव्याला जास्त दाद देतात आणि तांबड्याला जवळजवळ देतच नाहीत. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं हे दोनशे वर्षांपूर्वी टिपलं होतं. सासूबाई दारातून जाता जाता थांबल्या. “अगं, दवाखान्यासारखं वाटतंय,” म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

तीन संध्याकाळी परत परत बघितलं. तिन्ही वेळा तेच.

रात्री आठ, दिवे लावून. इथे सगळाच गोंधळ. टेबलावरच्या लोंबत्या दिव्याखाली मळका अचानक शहाण्यासारखा दिसतो. त्याच वेळी छताच्या ट्यूबखाली, दोन पावलांवर, तोच पुठ्ठा फिका आणि आजारी. एकाच भिंतीवर वर एक रंग, खाली दुसरा. बहुधा रंग निवडायच्या आधी दुसरंच काहीतरी निवडायला हवं.

२४ जानेवारी, शनिवार

दिवे. खोलीत तीन जातींचा उजेड आहे. छतावरची ट्यूब ६५०० केल्विनची, लोंबता दिवा २७०० चा, आणि स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून येणारा ४००० चा. केल्विनचा आकडा वाढला की उजेड निळा होतो आणि कमी झाला की पिवळा. आपण निळ्याला थंड म्हणतो आणि पिवळ्याला उबदार, त्यामुळे हा आकडा कायम उलटा वाटतो. मी दर वेळी चुकते.

या खोलीत आम्ही बसतो कधी? सकाळी पंधरा मिनिटं, तीही उभ्या-उभ्या. रात्री मात्र दीड-दोन तास. आठवडाभर मी पुठ्ठ्यांवर दिवसा खल केला आणि दिवसाच्या उजेडात पारव्याला पहिला नंबर दिला. ज्या वेळी खोलीत कुणीच नसतं, त्या वेळेसाठी मी रंग निवडत होते.

म्हणून दिवे आधी बदलले. सगळे ३००० केल्विन. दुसरा आकडा बघितला तो सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग कितपत खरे दिसतात त्याचा निर्देशांक, कमाल १००. नव्वदच्या वरचे घेतले. या आकड्यातही एक खोच आहे. सीआरआय आठ फिकट नमुन्यांची सरासरी असतो. गडद तांबडा हा नववा नमुना त्या सरासरीत धरलेलाच नाही, आणि स्वस्तातले एलईडी नेमके तिथेच पडतात. माणसांचे चेहरे आणि सागवानी टेबल, दोन्हींत तांबडं भरपूर. खोक्यावर या नवव्या नमुन्याचा, म्हणजे आर-नऊचा, वेगळा आकडा देणारे दिवे मिळाले, तेच लावले.

नवे दिवे लावून गाद्या आणि पुठ्ठे शेजारी ठेवले. दिवसा गादीचं कापड आणि शेवाळी अगदी एकजीव दिसत होते, शिवण कुठे ते शोधावं लागे. दिव्याखाली फारकत. कापड तपकिरी-गुलाबी झालं, भिंत हिरवी राहिली. कापडातला रंग वेगळ्या द्रव्यांचा, भिंतीतला वेगळ्या. एका उजेडात दोघं सारखेच किरण परत देतात असं डोळ्याला वाटतं, उजेड बदलला की पितळ उघडं पडतं. आधीच्या दिव्यांखाली हे इतकं ठळक दिसलं नव्हतं. शेवाळी बाद.

सिमेंटही बाद. नवऱ्यानं स्वतःच केला. रात्री त्याच्यासमोर बसल्यावर “विहिरीत बसल्यासारखं वाटतं” म्हणाला. मी काही बोलले नाही. मनात आठवडाभर बोलत होते.

२५ जानेवारी, रविवार

उरले दोन, निव्वळ आणि मळका.

आज नमुन्याच्या डब्यांतून दोघांचा आणखी एकेक पुठ्ठा केला आणि दोन-दोन पुठ्ठे काटकोनात कोपऱ्यात उभे केले. एकटा सपाट पुठ्ठा जे सांगत नाही ते कोपरा सांगतो. एका भिंतीवरून निघालेला उजेड दुसरीवर आपटतो, तिथून परत पहिलीवर, आणि प्रत्येक आपटीत झाक थोडी गडद होते. कोपऱ्याच्या आतल्या बाजूला निव्वळ राखाडीतला निळसरपणा स्पष्ट दिसायला लागला. मळक्याची मातकट झाकही वाढली, पण दिव्याच्या उजेडात ती टेबलाशी जुळली.

टेबलाचाही हात आहे यात. दिवा टेबलावर पडतो, सागवानाचा तांबूस उजेड भिंतीच्या खालच्या भागावर चढतो. मळका तो पिऊन टाकतो. निव्वळ त्याच्याशी भांडतो. टेबलाशेजारी ठेवला की निव्वळ पुन्हा निळा. शेव्रल काही पाठ सोडत नाही.

मग सासूबाईंना बोलावलं, पुठ्ठ्यांची नावं न सांगता. त्या खुर्चीत बसल्या, चष्मा पुसला, दोन्हींकडे पाहिलं. मळक्याकडे बोट केलं.

“हा. शांत आहे.”

“आई, हा तुम्ही मळका म्हणालेला तोच.”

“तेव्हा तो कागदावर होता. कागद पांढराशुभ्र होता, मग मळका नाही तर काय दिसेल?”

दहा दिवसांचं काम दोन वाक्यांत. क्रमांक ४ ठरला. नाव बदलून ‘राखेचा’ करावं असा लेकीचा प्रस्ताव होता, पण मळका हेच नाव आता तोंडात बसलंय.

चकाकीवरून थोडं झालं. पूर्ण मॅट भिंतीचे चढउतार लपवतो, पण खुर्चीची पाठ किंवा हात घासला की तिथे गुळगुळीत चमकदार डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. जास्त चकाकी धुवायला सोपी, पण लोंबत्या दिव्याचं प्रतिबिंब भिंतीत दिसेल. मधला, किंचित चमक असलेला घेतला.

२९ जानेवारी, गुरुवार

डबे आले. पेंटरकाकांनी झाकणं उघडली आणि ढवळायच्या आधीच म्हणाले, “ताई, हे दोन वेगळे आहेत.” मला काही दिसेना. त्यांनी काडीनं पुठ्ठ्यावर दोन ठिपके टेकवले, शेजारी शेजारी, कडा एकमेकींना भिडतील असे, आणि पंख्याखाली धरले. वाळल्यावर दिसलं, एक मळका, दुसरा त्याहून गुलाबी. चिठ्ठीवर प्रमाण एकच, पण दुसऱ्या डब्यात तांबडा जरा जास्त पडलेला. इतक्या फिकट रंगात तांबडा मुळात अर्धा-एक मिलिलिटरच असतो, नळी एकदा जास्त थुंकली की झालं. दुकानदारानं आधी “वाळल्यावर सेम होतो” म्हणून बघितलं. वाळलेला पुठ्ठाच पुढे केल्यावर डबा बदलून दिला.

काकांचं म्हणणं, बदललेला असला तरी दोन्ही डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करायचे आणि तिथूनच वापरायचे. नाहीतर पहिला डबा भिंतीच्या मध्यावर संपतो आणि तिथे रेघ दिसते. आज जे मला दिसत नव्हतं, ते भिंतीवर मला रोज दिसलं असतं.

३१ जानेवारी, शनिवार

तयारी. भिंती धुतल्या, भोकं आणि तडे लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरले, आधी १८० आणि मग त्याहून बारीक २२० च्या सँडपेपरनं घासलं, पांढरा प्रायमर. दिवसभर धूळ. विजेरी भिंतीला चिकटवून तिरपी धरली की एकेक उंचवटा डोंगरासारखा दिसतो. काकांनी ते करून दाखवलं आणि मला नको तितके उंचवटे दिसले. त्यातले सगळे काढून घेतले नाहीत, एवढं कबूल करते.

छताचा पांढराही आज ठरला. घरात उरलेला निळसर झळाळीचा पांढरा होता. तो पुठ्ठ्याशेजारी धरल्याबरोबर मळका परत मळका झाला. शेजारचा पांढरा जितका कडक, तितका राखाडी मळलेला. किंचित पिवळसर, मऊ पांढरा घेतला. चौकटींनाही तोच.

१ फेब्रुवारी, रविवार

पहिला हात. काका कोपरे आणि कडा ब्रशनं काढत होते आणि लगेच मागून रोलर, कड ओली असतानाच. कड वाळू दिली आणि नंतर रोलर मारला तर भिंतीला चौकट काढल्यासारखी पट्टी उमटते. नवऱ्यानं एका भिंतीच्या कडा उत्साहानं आधीच काढून ठेवल्या होत्या. काकांनी काही न बोलता त्या परत ओल्या केल्या.

दुपारी बाहेरून आले आणि दारातच थांबले. चारही भिंती चट्ट्याचट्ट्यांच्या, कुठे पांढरट, कुठे गुलाबी. पोटात गोळा आला. काका चहाचा कप खाली न ठेवता म्हणाले, “ओल्या भिंतीवर निकाल द्यायचा नाही, ताई.”

संध्याकाळी, दिवे लावण्याआधीच्या त्या वाईट वेळेला, मुद्दाम एकटी जाऊन उभी राहिले. भिंती विझत गेल्या, टेबलही विझत गेलं, दोन्ही बरोबरीनं. काहीच तरंगलं नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

दुसरा हात. चट्टे गेले. सामान परत आत. खिडकीसमोरच्या भिंतीवर सकाळी तो अजूनही थोडा फिका आणि भुरकट दिसतो. सकाळची पंधरा मिनिटं त्याला माफ.

भिंतीचे फोटो काढून बहिणीला पाठवले. तिचं उत्तर आलं, “बेज का लावलास?” फोन स्वतःच्या मनानं पांढरा ठरवतो आणि सगळ्या रंगांना त्याच्या मागे ओढतो. दुसऱ्या फोटोत एका बाजूला पांढरा कागद ठेवला. त्यावर तिचं उत्तर, “आता निळा दिसतोय.” फोटो पाठवणं बंद. ये आणि बघ म्हणाले.

७ फेब्रुवारी, शनिवार

भिंत हाताला कोरडी लागते, पण आतून अजून कच्ची आहे. काकांनी बजावलंय, महिनाभर ओल्या फडक्यानं घासायचं नाही, जड काही टेकवून ठेवायचं नाही. खुर्च्या टेबलाकडे ओढून ठेवल्या आहेत. लेक रोज एक खुर्ची भिंतीला टेकवते.

८ मार्च, रविवार

पूर्वेच्या भिंतीवर, जमिनीपासून ८४ सेंटिमीटरवर, खुर्चीच्या पाठीचा आडवा घासा. कोणाचा ते माहीत आहे. महिना उलटून गेलाय, म्हणून आधी ओल्या मऊ फडक्यानं पुसून पाहिला. निम्मा गेला. उरलेल्यावर काल ब्रशनं रंग लावला आणि दिव्याखाली तो ठिपका भिंतीपेक्षा गडद दिसला, रंग तोच असूनही. बाकीची भिंत रोलरची, हा ब्रशचा, खडबडीतपणा वेगळा. आज छोट्या रोलरनं, कडा पातळ करत, घाशाच्या दुप्पट जागेवर परत मारला. रात्री आठ वाजता बघायचं.

उरलेला रंग साधारण ७०० मिलिलिटर. मोठ्या डब्यात ठेवला तर वरच्या हवेनं साय धरेल, म्हणून काचेच्या बरणीत काठोकाठ भरला. बरणीवर चिठ्ठी: जेवणाची खोली, चारही भिंती, मळका, प्रमाणाची मूळ चिठ्ठी आत चिकटवली आहे, फक्त रोलरनं लावणे.